आपट्याच्या पानांचा मुकुट

मी एक जुना मुकुट आहे. सोन्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर तुमचा हिरमोड व्हायचा. मी तांब्याचा आहे आणि माझा जन्म एका फुटक्या बंबातून झाला. बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं ते उभं, पोटफुगं भांडं. तुम्ही गीझरवाली मंडळी, तुम्ही तो कशाला पाहिला असेल! पण मित्रांनो, माझ्या खानदानावर हसू नका. बंबातून जन्मून मी फ्रान्सचं साम्राज्य सांभाळलंय, आणि तेही पंचवटीतल्या एका शाळेत, नववी अ च्या वर्गात.

तो बंब लतिकाबाईंच्या माहेरचा. लतिकाबाई म्हणजे आमच्या शाळेच्या इतिहासाच्या बाई. तेव्हा त्या नव्या नव्या लागल्या होत्या. बंब तळातून गेला तसा त्यांनी तो रिक्षात घातला आणि नदी ओलांडून तांबट आळीत हिरामण तांबटांकडे नेला.

"हिरामणकाका, याचा मला एक मुकुट करून द्या. फ्रान्सच्या सम्राटाचा."

हिरामणकाकांनी हातोडी खाली ठेवली. "गणपतीचे केले, देवीचे केले, खंडोबाचाही केला. हा फ्रान्सचा देव कोणता म्हणायचा?"

"देव नाही हो. माणूस. नेपोलियन."

"माणसाला मुकुट?" काकांना ते काही पटलं नाही. तरी त्यांनी बाईंच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं. चित्रात सम्राटाच्या कपाळाभोवती सोन्याच्या पानांचं कडं होतं. "ही पानं कसली?"

"लॉरेल म्हणून एक झाड असतं तिकडे. लढाई जिंकून आलेल्याला त्याची पानं घालायचे."

"मग असं सांगा ना, आपटा!" काका खूश झाले. "जिंकून आल्यावर आपण सोनं म्हणून दुसरं काय लुटतो?"

आठ दिवसांनी बाई न्यायला आल्या, तेव्हा मी तयार होऊन चकाकत बसलो होतो. माझ्याभोवती आपट्याची बावीस जोडपानं होती, अगदी शिरांसकट. एवढंच नाही, तर हयातभराच्या सवयीनं काकांनी माझ्या मागच्या बाजूला गजरा अडकवायला एक कडीसुद्धा बसवली होती. नेपोलियनला गजरा! बाई दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे काका. नाशिकचा नेपोलियन असाच असणार."

त्या वर्षापासून बाईंचा खेळ सुरू झाला. फ्रान्सचा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि मला टेबलावर मांडायच्या. चिठ्ठी टाकून एक राजा निवडायचा. तो ऐटीत खुर्चीत बसणार, बाकीच्यांनी त्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. दोन-तीन दिवसांत वर्ग वैतागायचा आणि राजाला खाली ओढायचा. ही झाली क्रांती. मग सगळेच राजे आणि सगळेच ओरडणारे. फळ्यावर कुणी काय लिहायचं यावरूनही भांडणं. शेवटी त्या कलकलाटाला कंटाळून वर्ग स्वतःच म्हणायचा, कुणीतरी एक जण ताब्यात घ्या रे हे सगळं! मग जो कोणी गप्प बसवून दाखवायचा, त्याच्या डोक्यावर मी.

खऱ्या फ्रान्समध्येही असंच झालं, असं बाई सांगायच्या. लोकांनी राजाचं डोकं उडवलं, समता म्हणाले, बंधुता म्हणाले आणि पंधरा वर्षांच्या आत एका सेनापतीला सम्राट करून मोकळे झाले. त्याला मुकुट घालायला पोप थेट रोमहून पॅरिसला आला होता. पण नेपोलियननं मुकुट आपल्याच हातांनी उचलला आणि आपल्याच डोक्यावर ठेवला. हे सांगताना बाई मला हळूच उचलून दाखवायच्या. मला फार मान वाटायचा, खोटं कशाला बोलू? मग त्या पुढचं सांगायच्या. आपल्या भावांना त्यानं देशोदेशीचे राजे करून टाकलं, रशियाच्या बर्फात लाखोंची फौज गमावली. एका बेटावर त्याला धाडलं, तिथून तो परत आला, शंभर दिवस पुन्हा सम्राट झाला. मग वॉटर्लूला हरला आणि समुद्राच्या मध्यावर दुसऱ्या बेटावर जाऊन मेला. त्याचा तो सोन्याच्या पानांचा मुकुट म्हणे पुढे वितळवून टाकला. ही गोष्ट ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा. शेवटी तो माझा नातलगच ना!

खेळात बाईंचा एकच नियम होता. त्या मध्ये पडायच्या नाहीत. इतिहासाच्या तासाला आणि मधल्या सुट्टीत मुकुटवाल्याचा शब्द चालेल. तो किती दिवस चालू द्यायचा, हे वर्गानं ठरवायचं.

किती डोकी पाहिली मी! एक आल्हाद होता. तो मला दप्तरात लपवून घरी घेऊन गेला आणि उशाशी ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशी त्याची आईच मला शाळेत आणून देऊन गेली. एक ढुंढिराज होता, यात्रेकरूंची पूजा सांगणाऱ्या घरातला. तो प्रत्येक हुकमाआधी संकल्प सोडायचा, तिथी-वार-नक्षत्रासकट, आणि हुकूम येईतो तास संपायचा. इतका निरुपद्रवी सम्राट पुन्हा झाला नाही. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखीच. मला डोक्यावर ठेवायला साऱ्यांचे हात शिवशिवायचे, काढायला कुणाचा हात वर जायचा नाही. कुणाच्या डोक्यावरून वर्गानं मला ओढून काढलं, कुणी मतदानात हरल्यावर रडत रडत दिलं. ढुंढिराजच्या डोक्यावरूनसुद्धा बाईंनाच मला हळूच उचलावं लागलं.

दरवर्षी खेळ संपला की बाई मला कपाटात ठेवायच्या आणि शिपाईण गोजराबाईंना म्हणायच्या, "याही वर्षी नाही."

एकदा गोजराबाईंनी विचारलंच, "काय नाय, बाई?"

"कुणीतरी स्वतःहून काढावा हो. कुणी न सांगता. एकदा तरी बघायचंय मला."

"मग सांगून टाका ना पोरांना, काढा म्हनून."

"सांगितल्यावर काय, काढतीलच. त्यात काय मोठंसं!"

एवढीच बाईंची इच्छा होती, मित्रांनो. एकोणतीस वर्षं त्यांनी ती मनात ठेवली आणि माझ्याशिवाय नि गोजराबाईंशिवाय ती कुणाला माहीत नव्हती.

मधे माझे वाईट दिवस आले. शाळा दोन वर्षं बंदच होत्या, ते तुम्हालाही आठवत असेल. मी कपाटात पडून राहिलो, अंगावर हिरवा कळंक चढला, एका पानात कोळ्यानं घर केलं. शाळा उघडल्या तर भिंतीवर मोठा पडदा आलेला. त्यावर नेपोलियन घोड्यावरून पळतोसुद्धा! मग मला कोण विचारतंय? या दिवाळीनंतर नव्या मुख्याध्यापकांनी कपाटं रिकामी करायला काढली आणि मला पाहून म्हणाले, "हे तांब्याचं काय ते मोडीत देऊन टाका."

मोडीत! म्हणजे भट्टीत! तेवढ्यात गोजराबाई मध्ये आल्या. "सर, देवाचा मुकुट हाय तो. मोडीत देत्यात व्हय?" गजऱ्याची कडी पाहून त्या इतकी वर्षं मला देवाचाच समजत होत्या आणि कपाटासमोरून जाताना मला हात जोडायच्या. सर जानेवारी संपेपर्यंत ठेवा म्हणाले. कारण जानेवारीच्या अखेरीस लतिकाबाई निवृत्त होणार होत्या. बाईंनी मला चिंच-मिठानं घासलं आणि शेवटचा खेळ मांडला.

या वर्षीचा सम्राट झाला गौरांग. उंच, हुशार, आवाज खणखणीत. त्याचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात. त्यानं पहिल्या दोन दिवसांत कमाल केली. नळावरची ढकलाढकली बंद करून रांग लावली. पुढचे बाक रोज वेगळ्या मुलांना दिले. वर्ग खूश, मीही खूश. म्हटलं, वा, असा सम्राट पाहिजे!

पण मग त्याच्या डोक्यात हवा गेली. मी डोक्यावरच होतो, मला ती जाताना कळत होती. त्यानं आपल्या चार मित्रांना चार रांगांचे राजे केलं. सम्राटाला सगळ्यांनी 'तुम्ही' म्हणायचं, असं फर्मान काढलं. सम्राट डबा खाईल तो वर फळ्याजवळच्या खुर्चीत, एकटा. कुणी त्याच्या डब्याला हात लावायचा नाही आणि त्यानंही कुणाच्या डब्याला लावायचा नाही. हे ऐकून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली.

ती चैताली. तिचं घर मूळचं कळवणकडचं. वडील इथल्या भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकतात.

"कोण हसलं?" गौरांग म्हणाला. "आजपासून फळा तूच पुसायचा. रोज."

"ए, लय शहाणा झालास का?"

"शहाणे झालात का, असं म्हणायचं!"

सगळा वर्ग हसला आणि चैतालीनं फळा पुसला. त्या दिवशी पुसला, दुसऱ्या दिवशी पुसला, आठवडाभर पुसला. खडूच्या भुकटीनं तिच्या वेण्या पांढऱ्या व्हायच्या. शेजारी बसणारी तिची मैत्रीण इरा तिला पाण्याची बाटली द्यायची, केस झटकून द्यायची. पाचवीपासून दोघी एका बाकावर. डबासुद्धा अर्धा-अर्धा. चैतालीची बाजरीची भाकरी अर्धी इराकडे, इराची पोळी-भाजी अर्धी चैतालीकडे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं.

गौरांगचा रशिया झाला तो नववी ब मुळे. त्यानं त्यांना क्रिकेटचं आव्हान दिलं आणि रुबाबात वेळ दिली सकाळी सातची. नाशिकची जानेवारीतली सकाळ! मैदानावर धुकं असं की यष्टीरक्षकाला गोलंदाज दिसेना. आमच्या फौजेची बोटं आखडली, झेल सुटले, एकतीस धावांत सगळे गारद झाले. वर्गात आल्यावर चारही राजे सगळ्यात आधी फिरले. गौरांगची रवानगी फुटक्या खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर झाली. तीन दिवसांनी तो मोठं भाषण ठोकून परत सम्राट झाला, पण मधल्या सुट्टीपर्यंतच टिकला. मग त्याला थेट ग्रंथालयातल्या कोपऱ्यात पाठवलं. बाई दाराशी उभ्या राहून ओठ दाबून हसत होत्या.

मग मतदान झालं. चैताली उभी राहिली. म्हणाली, "मी मुकुट घालणार नाय. नुसती अध्यक्ष होईन. सगळ्यांचं ऐकीन." भरभरून मतं पडली. आणि खरोखर चार दिवस तिनं वर्ग छान चालवला. इतका छान की मुलंच म्हणू लागली, "घाल ना गं मुकुट, तुलाच शोभेल!"

बाईंचा चेहरा मला दिसत होता. फ्रान्समध्ये नेमकं असंच झालं होतं ना! नेपोलियनचा पुतण्या आधी मतांनी अध्यक्ष झाला आणि चार वर्षांत सम्राट होऊन बसला. अठरा वर्षं राज्य केलं, पुढे युद्धात शत्रूच्या हाती सापडला. मग लोक म्हणाले, बस झाले सम्राट. पण बाई बोलल्या नाहीत आणि चैतालीनं मला डोक्यावर ठेवलं.

तिचा पहिला हुकूम सुटला, "गौरांग, फळा पूस. एप्रिलपर्यंत." टाळ्यांचा कडकडाट झाला. तिचं कपाळ आनंदानं गरम झालं, ते मला आतून जाणवलं. मी तिला नावं ठेवणार नाही. आठ दिवस खडूची भुकटी खाल्लेल्या मुलीला तेवढं तरी सुख नको का? पण गौरांगची जुनी फर्मानं तशीच राहिली. 'तुम्ही' तसंच, वेगळा डबाही तसाच. "उद्या रद्द करते," ती म्हणायची. उद्याचा परवा व्हायचा.

चैताली वर खुर्चीत बसून एकटी भाकरी खायची. बाकावर इरा एकटीच. आणि बाईंच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते.

त्या दिवशी इराच्या डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या. संक्रांत होऊन गेली होती, पण इराच्या आजीनं त्या पुन्हा मुद्दाम केल्या होत्या, कारण चैतालीला त्या जीव की प्राण. तुपाचा वास पार फळ्यापर्यंत आला. चैतालीनं दोनदा मान वळवली. मग तिच्या तोंडून हुकूमच निघाला, सवयीनं. "इरा, तो डबा इकडे आण."

इरा उठली. रागावली नाही, रुसली नाही. अख्खा डबा तिनं दोन्ही हातांनी आणला, खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या, सम्राज्ञी." मग परत जाऊन बाकावर बसली. समोर काही नाही, हात मांडीवर.

मित्रांनो, मी देवाचे मुकुट घडवणाऱ्या हातांनी घडलोय. नैवेद्य मला ओळखू येतो. ते मैत्रिणीनं मैत्रिणीला दिलेलं खाणं नव्हतं.

चैतालीनं एक तुकडा मोडून तोंडात घातला. तो तिला गिळवेना. ती इराकडे बघत राहिली. वर्गात सगळे चवीनं जेवत होते, कुणाचं लक्ष नव्हतं, कुणी तिला काही म्हणत नव्हतं. राज्य अगदी सुरळीत चाललं होतं. आणि तिचे दोन्ही हात वर आले.

मला आधी वाटलं, नीट बसवतेय. पण ती मला उचलत होती! एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा! मी आनंदानं निघालो आणि तेवढ्यात अडकलो. हिरामणकाकांची ती गजऱ्याची कडी! तिच्या वेणीच्या केसांत ती गच्च गुंतली. चैतालीनं मला ओढलं. "आई गं!" पुन्हा ओढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण हात सोडेना. मी मनात म्हटलं, सोड गं बाई, राहू दे, दुखतंय तुला. ती काही सोडेना.

"अगं थांब, ओढू नकोस! तुटतील ना केस!"

इरा बाक ओलांडून धावत आली होती. सम्राटाला 'तुम्ही' म्हणायचं, हे ती पार विसरली. एकेक केस सोडवत पुटपुटत होती, "काय ही कडी... हलू नकोस गं, वेडी आहेस का तू!" आणि चैताली रडता रडता हसायला लागली. त्या 'तू'इतकं गोड तिला 'सम्राज्ञी' कधीच लागलं नव्हतं.

मी सुटलो. चैतालीनं मला टेबलावर ठेवलं आणि डबा उचलून इराच्या बाकावर जाऊन बसली. "सरक ना."

आता वर्गाचं लक्ष गेलं. गौरांग लगेच पुढे आला. "मग आता कोण सम्राट?"

"कुणी नाय," चैताली तोंडात पोळी कोंबून म्हणाली. "फळा आज मी पुसते, उद्या तू पूस. आणि ये, गुळाची पोळी हाय. इराच्या आजीच्या हातची."

गौरांग क्षणभर घुटमळला. मग खरंच त्यांच्या बाकावर दाटीवाटीनं बसला आणि अर्धी पोळी त्यानं एकट्यानं संपवली, हावरट कुठला!

दाराशी लतिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि आत न येताच निघून गेल्या. व्हरांड्यात गोजराबाई झाडत होत्या. मला बाईंचा आवाज ऐकू आला. "गोजराबाई, यंदा निघाला हो!"

"कोन निघालं?"

"मुकुट. स्वतःहून."

गोजराबाईंच्या हातातला झाडू थांबला. "देवा रे," त्या म्हणाल्या, "बाई, मग आता पेढे आणा."

बाई निवृत्त झाल्या. मी मोडीत गेलो नाही. नववी अ सगळीच्या सगळी मुख्याध्यापकांकडे गेली, चैताली आणि गौरांग पुढे, आणि मला मागून घेतलं. सर म्हणाले, जागा कुठे आहे? मुलं म्हणाली, वर्गाच्या खिडकीत. तिथेच मी आता असतो. दर सोमवारी एक जण मला डोक्यावर ठेवून आठवडाभराचा वर्गप्रमुख होतो आणि शनिवारी आपल्या हातांनी काढून पुढच्याच्या हाती देतो. काहींना अजून जड जातं, काहीजण शनिवारी घंटा झाली तरी दोन मिनिटं रेंगाळतात. पण काढतात. आणि कडी केसांत अडकलीच, तर सोडवायला पुढचा असतोच जवळ.

आता तुम्हाला एवढंच सांगायचंय. वर्षातून एकदा मला चिंच-मिठानं घासत जा, कळंक चढू देऊ नका. ती कडी मात्र कापू नका. आणि पुढे मोठे झाल्यावर तुमच्याही डोक्यावर काही ना काही येईल, खुर्ची म्हणा, मान म्हणा. तेव्हा तुम्हाला 'अगं' म्हणणारं, 'अरे' म्हणणारं एक माणूस हाताच्या अंतरावर ठेवा. डबा त्याच्याबरोबरच खा.

आज शनिवार आहे. घंटा आत्ताच झाली. इरानं मला काढलंय आणि पुढच्या बाकाकडे हात केलाय.